पाना कोणाच्या हातात?

फोंड्यातल्या आमच्या घराला लागून पत्र्याची एक शेड आहे. बाबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी तिच्यात उभी असते. समोर अंगणात, आंब्याखाली, माझी चार वर्षांपूर्वीची सेडान. पाहुणे चहापाणी उरकून बाहेर आले की हमखास पद्मिनीच्या बॉनेटवर थाप मारतात आणि म्हणतात, "असला पत्रा आता मिळायचा नाही!" मग सेडानच्या दाराला अंगठा टेकवून, "हे बघा, नुसते दाबले तरी आत जाते."

वर्षानुवर्षे मी या वाक्याला मान डोलावत आलो. ते चूक आहे आणि जिवावर बेतणारे आहे, हे आता उघडपणे सांगायला हवे. रोज रस्त्यावर न्यायच्या गाडीबद्दल विचाराल तर माझे उत्तर सरळ आहे: नवी सेडान. पद्मिनीवर माझा जीव आहे, पण माझ्या मुलीला पत्रादेवी ते पोळे हायवेवर त्या गाडीतून मी पाठवणार नाही. एवढे कबूल केले की समोरचा लगेच म्हणतो, "मग घाला ना ती भंगारात." तिथे माझे त्याच्याशी जमत नाही. पत्र्यावर थाप मारणारे आणि भंगारात घाला म्हणणारे, या दोघांच्या वादात एक प्रश्न कायम बाजूला पडतो, आणि मला तोच सगळ्यांत मोठा वाटतो: गाडी बिघडली तर ती उघडून दुरुस्त करायचा अधिकार कोणाचा?

आधी पत्र्याचे बघू. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' ही संस्था आहे. २००९ मध्ये तिला पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिने एक चाचणी करून दाखवली. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूने, एकमेकींवर आदळवल्या. बेल एअर म्हणजे लांबरुंद, भारदस्त, पाहुण्यांनी थाप मारावी अशीच गाडी. मालिबू तिच्यापुढे अगदीच साधी. बेल एअरची बसायची जागाच चेपली गेली आणि स्टीअरिंग ड्रायव्हरच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले. तिथे माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या माणसाला पायाच्या दुखापतीवर निभावले असते. या चाचणीचा व्हिडिओ मी बाबांना दाखवला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुन्हा एकदा लाव."

जाड पत्रा हरला, कारण धडकेत माणूस मरतो तो पत्र्याने नव्हे, थांबण्याच्या घाईने. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. भिंतीवर आदळलेली गाडी २० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट हिसका बसतो. तीच गाडी पुढून चुरगळत चुरगळत ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर हिसका सोळापटीवर येतो. एवढाच फरक, आणि तोच फरक इस्पितळ आणि स्मशान यांच्यातला. गाडीचे नाक मुद्दाम मऊ आणि बसायची जागा मुद्दाम कडक ठेवायची, ही कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची. १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ती पहिल्यांदा विकायच्या गाडीत उतरली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आला. म्हणजे विद्या तेव्हाच तयार होती. आपल्याकडे पुढच्या सीटला पट्टा बसवणे बंधनकारक व्हायला १९९४ उजाडले, सगळ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, यायला २०१९, आणि 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची धडक चाचणी सुरू झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. आज डिझायर, वर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस या सेडान धडक चाचणीत पाच तारे मिळवून रस्त्यावर आहेत. सेडानच्या दाराला अंगठा टेकवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की बाहेरचा पातळ पत्रा हे नुसते कातडे. हाडे आत आहेत.

माझ्या लहानपणी दर मे महिन्यात आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जायचो. पुढच्या सलग सीटवर बाबा, आई, आईच्या मांडीवर धाकटी बहीण. मी मागच्या सीटवरून पुढे झुकून, दोघांच्या मधे हनुवटी टेकवून उभा. पट्टा नाही, डोके टेकायला उशी नाही, समोर लोखंडी डॅशबोर्ड. अख्खे अनमोड मी असा उभ्याने चढलो आहे. तेव्हा ते सुख वाटायचे. आज मुलगी मागे बसली की पट्ट्याचा 'खट्' आवाज ऐकू आल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही. गोव्यात दरवर्षी अडीचशेवर माणसे रस्त्यावर जातात. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचे हे राज्य, आणि वाहनांची संख्या माणसांच्या संख्येला भिडलेली. अशा गर्दीत आपल्या आठवणींपायी कोणी पोरांना धोक्यात घालू नये.

ब्रेकचेही तेच. जुन्या गाड्यांना चारी चाकांना ड्रम. आपल्या जुलैतल्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि ब्रेक दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. त्या काळचा प्रत्येक ड्रायव्हर पाण्यातून बाहेर पडल्यावर डाव्या पायाने ब्रेक हलका धरून शंभर-दोनशे मीटर गाडी चालवायचा, लायनर सुकेपर्यंत. ही युक्ती मला बाबांनी शिकवली आणि मी ती अभिमानाने इतरांना सांगतो. पण ही युक्ती माहीत नसलेला माणूस समोरच्या बसवर जाऊन आदळायचा, हेही तितकेच खरे आहे.

धुराचे थोडक्यात सांगतो. पेट्रोल गाड्यांनी किलोमीटरमागे किती धूर सोडावा याची देशातली पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली, तेव्हा छोट्यातल्या छोट्या गाडीलाही दर किलोमीटरला १४.३ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या धुराच्या नियमांमध्ये ती १ ग्रॅमवर आली. ही किमया धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, आणि तो नीट चालावा म्हणून इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सतत १४.७ ला १ असे राखावे लागते. हे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्बुरेटरच्या आवाक्यातले काम नाही. त्याला धुराच्या नळीतला सेन्सर लागतो, सेन्सरचे ऐकणारा संगणक लागतो, त्या संगणकाचे सॉफ्टवेअर लागते. माझ्या तक्रारीचे मूळ नेमके याच संगणकापाशी आहे, म्हणून आधीच स्पष्ट करतो: तो नको, असे मी म्हणत नाही. त्याच्यामुळेच हवा सुसह्य आहे.

आता भंगाराकडे वळू.

गोव्याला जुन्या गाड्यांचे जे प्रेम आहे त्याला इतिहास आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा भारतातल्या परवान्यांच्या आणि आयातबंदीच्या राज्याबाहेर होता. पन्नासच्या दशकात खाणींचा पैसा खेळू लागला आणि मुरगाव बंदरात जर्मन, इंग्रज, अमेरिकन गाड्या उतरल्या. मुक्तीनंतरही कित्येक वर्षे इथे मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होत्या, जेव्हा बाकीच्या देशात अँबॅसेडर किंवा फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाड्या राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग येणे आटले. मग म्हापशा-मडगावच्या गॅरेजवाल्यांनी लेथवर बुश कातले, एका गाडीचा भाग दुसरीला बसवला, गॅस्केट हाताने कापल्या. बाबांच्या पद्मिनीचा मेकॅनिक असल्याच एका गॅरेजात पोरगा म्हणून वाढलेला. जीडी मालिकेची जुनी नंबर प्लेट, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एक असतानाची, अजून एखाद्या गाडीला दिसली की माझी मान आपोआप वळते. त्या प्लेटमागे मला मालकापेक्षा तो लेथवरचा माणूस दिसतो.

अशी गाडी निव्वळ तिचे वय झाले म्हणून कापायची, यात शहाणपण नाही. हिशेब मांडून पाहा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आमची पद्मिनी वर्षाला फार तर हजार किलोमीटर चालते. लिटरला बारा धरले तरी ८३ लिटर, म्हणजे १९० किलो. माझी सेडान लिटरला अठरा देते, पण वर्षाला बारा हजार किलोमीटर पळते. तिचा आकडा दीड टनावर जातो. आणि नवी गाडी घडवतानाच कित्येक टन कार्बन हवेत जातो, तो वेगळाच. किलोमीटरमागे जुनी गाडी घाण, यात वाद नाही. पण रविवारी पंधरा किलोमीटर फिरून परत शेडमध्ये जाणारी गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर भाडी मारणारी खटारा टॅक्सी यांना एकच काठी कशी लावता येईल?

कायदा नेमकी तीच लावतो. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना 'व्हिंटेज' हा वेगळा वर्ग दिला. नवी नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि गाडी चालवायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरती. हा नियम चांगला आहे, मी त्याचे स्वागतच करतो. पण १९८६ ची गाडी पन्नाशीला पोचायला २०३६ उजाडणार. तोवर ती कुठल्या वर्गात? तर नुसती 'जुनी गाडी'. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते १० हजार झाले. आयात केलेली गाडी असेल तर ८० हजार. कुणा श्रीमंताच्या संग्रहाला हे काहीच नाही. पण वास्कोतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने आजोबांची परदेशी बनावटीची गाडी चालती ठेवली असेल, आणि ती अजून पन्नाशीला आलेली नसेल, तर त्याने काय करावे?

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, ऐतिहासिक वाहनाची व्याख्या तीस वर्षांवर ठेवली आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, नीट राखलेल्या गाड्यांच्या नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर येते आणि कर सवलतीचा लागतो. तिथे गाडी तपासतात, मगच अक्षर देतात. आपल्याकडेही तीस ते पन्नास या वयासाठी असा मधला वर्ग हवा: वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, दर दोन वर्षांनी ब्रेक, स्टीअरिंग, चेसिसचा गंज आणि धूर यांची कडक तपासणी, आणि शुल्क माफक. तपासणीत नापास झाली तर घरी उभी करा. मला दयामाया नको, फक्त निकष वयाऐवजी अवस्थेचा हवा. खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी आमच्या शेडमधल्या चाळीस वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त कुजलेली असू शकते. वाकून खालचा पत्रा पाहिल्याशिवाय कागदावरून ते कळत नाही.

इथपर्यंत बहुतेक जण माझ्याशी सहमत होतात. पुढचे मात्र कोणी फारसे मनावर घेत नाही, म्हणून त्यावर जरा थांबून लिहितो.

पुन्हा अनमोड. मे महिन्याची दुपार, गाडीत माणसे आणि सामान खच्चून भरलेले, आणि वरच्या वळणांवर गाडी आचके देऊन बंद पडली. त्या काळी चढाच्या उन्हात कुठल्याही गाडीचे असे व्हायचे: इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप इतका तापतो की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. बाबा बॉनेट उघडून उभे. मागून आलेला बेळगावकडचा एक ट्रक थांबला. क्लीनर खाली उतरला, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, "सायेब, पंपानं हवा धरली. फडकं हाय का?" आईने डब्याला बांधलेला पंचा सोडून दिला. त्याने तो आमच्या पिण्याच्या पाण्यात भिजवला, पंपाला गुंडाळला, वरून आणखी पाणी ओतले. कपड्यातून वाफ निघाली. दहा मिनिटांनी गाडी सुरू. पैसे घेतले नाहीत, एक आंबा घेतला. कोल्हापूर येईपर्यंत तो पंचा पंपालाच बांधलेला होता.

आता दुसरी घटना, दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार आटोपून मी सेडानचे बटण दाबले. समोरच्या पडद्यावर अक्षरे आली: चावी सापडत नाही. चावी माझ्या हातात होती. खिशातली दुसरी चावीही गाडी ओळखेना. बाजारातला एक मेकॅनिक धावत आला, चांगला हुशार मुलगा. त्याने स्टीअरिंगखाली स्कॅनर जोडला, कोड वाचला आणि मान हलवली. "बाब, दोष दिसता, पूण हांवें हात लावप शक्य ना. कंपनीचें सॉफ्टवेअर जाय." म्हणजे दोष दिसतो, पण हात लावायला कंपनीचेच सॉफ्टवेअर हवे. गाडी उचलून अधिकृत वर्कशॉपला न्यावी लागली. तिथे सांगितले, अमुक मॉड्यूल, म्हणजे गाडीतली एक छोटी संगणकपेटी, बदलावे लागेल. सुटा भाग यायला एकोणीस दिवस. बिल ४२ हजार. जुने मॉड्यूल मी मागितले तर आधी "ते परत द्यायची पद्धत नाही" म्हणाले, मग बऱ्याच वादानंतर एका पिशवीत घालून दिले.

ते मी फोंड्यात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे नेले. त्याने चार स्क्रू काढले, भिंग लावले आणि मला बोलावले. जोडणीच्या एका पिनेवर हिरवा कीट चढला होता, पिन अर्धी खाल्ली गेली होती. काचेखालच्या जाळीतून पाणी वाहून जायची वाट आंब्याच्या पानांनी बुजली आणि पावसाचे पाणी आत झिरपले. पाने साफ न करणे हा दोष माझाच. पण दुरुस्ती म्हणाल तर एक पिन आणि थोडे डाख. त्याने मला ते करून दाखवले. मॉड्यूल आता ठीक असेल, पण ते गाडीत बसवून पाहता येत नाही, कारण ते गाडीला 'ओळखवून' द्यावे लागते, आणि ती ओळख करून द्यायची किल्ली फक्त कंपनीकडे.

पद्मिनीच्या दाराच्या खिशात अजून तिची मूळ पुस्तिका आहे. कोपरे ऑइलने काळे झालेले. तिच्यात व्हॉल्व्हचे अंतर किती ठेवायचे, प्लगचा गॅप किती, पॉइंट कसे लावायचे, कुठे ग्रीस मारायचे, हे सगळे आकृत्यांसह छापलेले आहे. ती पुस्तिका मालकाला गाडीच्या आत बोलावते. माझ्या सेडानची पुस्तिका जाडीला तिच्या कितीतरी पट आहे. फोन कसा जोडायचा, दिव्यांचे रंग काय, सीट कशी गरम-थंड करायची, सगळे सविस्तर. आणि बिघाड म्हटला की पानोपानी एकच वाक्य: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.

लोक म्हणतात, तंत्रज्ञान गुंतागुंतीचे झाले, त्याला इलाज नाही. मला हे पटत नाही. गुंतागुंत ही एक गोष्ट, कुलूप ही दुसरी. म्हापशातल्या त्या मुलाला कोड वाचता आला होता. टीव्हीवाल्याला पिन दिसली होती. दोघांचीही बुद्धी कमी पडली नाही, दोघांनाही परवानगी नव्हती.

हे मी एकटा म्हणत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: मूळ सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि दोष शोधायची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणे. कंपन्यांनी बौद्धिक संपदेचा मुद्दा पुढे केला, आयोगाने तो मानला नाही. प्रकरण अपिलात गेले आणि रेंगाळले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, त्यात मोटारीही आहेत. पण पोर्टल म्हणजे कंपनी आपखुशीने सांगेल तेवढी माहिती. सक्ती करणारा कायदा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मतदारांना थेट विचारले, आणि लोकांनी प्रचंड बहुमताने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना तीच माहिती, तीच साधने वाजवी किमतीत मिळाली पाहिजेत, असा कौल दिला. तिथल्या गाड्याही संगणकावरच चालतात.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. चावीची गुपिते कोणालाही दिली तर चोरांचे फावेल. एअरबॅगशी न शिकलेल्याने खेळ केला तर माणूस मरेल. धुराचे सॉफ्टवेअर बदलून गाडी जास्त पळवणारेही निघतील. हे तिन्ही खरे आहे. पण घरातल्या विजेच्या वायरिंगला हात लावायलाही परवानाधारक वायरमनच लागतो, म्हणून वायरमन फक्त वीज खात्याच्याच पगारावर असावा असे कोणी म्हणत नाही. गॅरेजवाल्यांची परीक्षा घ्या, नोंदणी करा, कोणी कधी कुठल्या गाडीची चावी जोडली याची नोंद ठेवा. युरोपात चोरीशी संबंधित माहितीसाठी स्वतंत्र गॅरेजवाल्यांची पडताळणी करून त्यांना प्रवेश देतात. सुरक्षितता हे दार बंद ठेवायचे निमित्त होऊ नये. कोणाला आत घ्यायचे ते तपासून घेता येते.

गोव्यासारख्या ठिकाणी तर हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा बोचरा आहे. वर्षाचे चार महिने पाऊस, बारा महिने खारा दमटपणा, म्हणजे पिना गंजणार, जोडण्या हिरव्या पडणार. अधिकृत वर्कशॉप पणजी, वेर्णा, मडगाव या पट्ट्यात गोळा झालेली. सत्तरीच्या आतल्या गावात किंवा काणकोणात गाडी अडली तर तिला ट्रकवर घालूनच आणावी लागते. फर्मागुडीच्या आणि इतर आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचे काम शिकून दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांना इंजिन उघडता येते, पण संगणक त्यांना आत घेत नाही. मग ती अधिकृत वर्कशॉपात पगारी हात होतात किंवा टायर-पंक्चरवर थांबतात. लेथवर बुश कातणाऱ्या पिढीची ही नातवंडे आहेत.

आणि कंपनीच निघून गेली तर? शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. पद्मिनी बनवणे बंद होऊन पाव शतक होत आले, तरी ती चालते, कारण तिला कोणाची परवानगी लागत नाही. माझी सेडान २०५० मध्ये चालेल का? तिचा पत्रा टिकेल, इंजिनही टिकेल. पण तिचा एखादा संगणक गेला आणि त्याला ओळख देणारा सर्व्हर कोणी बंद करून बसला, तर ती धडधाकट गाडी एका क्षणात भंगार होईल. एकीकडे सरकार जुन्या गाड्यांवर शुल्क वाढवते आणि दुसरीकडे नव्या गाड्या म्हाताऱ्या होऊच शकणार नाहीत अशा घडतात. दोन्ही मिळून ग्राहकाने दर पंधरा वर्षांनी नवी गाडी घ्यावी, एवढेच उरते.

पेट्रोलचा मुद्दा याच ओळीतला. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉल ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नवी गाडी ते सेन्सरने ओळखून सावरून घेते, कार्बुरेटरला ते जमत नाही. आम्ही पद्मिनीच्या नळ्या बदलल्या आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू लागलो. हे आम्हाला करता आले, कारण तिच्या आत जाता येते.

माझी मागणी साधी आहे. गाडी विकताना कंपनीने दुरुस्तीचे पुस्तक, दोष शोधायचे सॉफ्टवेअर आणि भाग जोडायची किल्ली परवानाधारक गॅरेजला वाजवी दरात द्यावी. मॉडेल बंद केल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग आणि सर्व्हर चालू ठेवावा, आणि निघून जायचे असेल तर जाण्याआधी कुलूप उघडून जावे. बदललेला भाग मागितल्याशिवाय मालकाच्या हातात पडावा. हे काम केंद्राच्या कायद्याचे आहे, तरी गोवा सरकार त्यासाठी गप्प बसायची गरज नाही. सरकारी गाड्यांची खरेदी राज्यच करते. दुरुस्तीची माहिती खुली नसलेली गाडी आम्ही घेणार नाही, एवढी एक अट निविदेत घातली तरी कंपन्यांच्या कानावर आवाज जाईल.

बाबांची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. पद्मिनीच्या पहिल्या दिवसापासून तिच्यात चार रकाने: तारीख, किलोमीटर, काय केले, किती लागले. "फॅन बेल्ट बदलला." "डायनॅमोचे कार्बन ब्रश, म्हापसा." "अनमोडला पंप तापला, ओला पंचा." सेडान आल्यावर त्यांनी त्याच वहीत तिच्यासाठी मागून पाने सुरू केली. ऑगस्टच्या त्या पानावर तारीख आहे, किलोमीटर आहेत, ४२,००० आहेत. 'काय केले' या रकान्यापाशी येऊन त्यांनी मला विचारले होते, "इथे काय लिहू?" तो रकाना अजून कोरा आहे.